घरी कागद कापणारा चाकू कॅम्पवर दुसऱ्या दिवशी बोथट का होतो?

घरून निघताना चाकू कागद सरसर कापतो, मनगटावरचे केस साफ काढतो. पहिल्या संध्याकाळी तंबूच्या चार खुंट्या टोकदार करून होतात, विस्तवापुरत्या काटक्या चिरून होतात. दुसऱ्या सकाळी फेदर स्टिक, म्हणजे विस्तव पेटवायला पातळ सालपटं काढलेली काटकी, करायला बसावं तर पातं लाकडावरून घसरतं. पातळ कुरळी सालपटं निघायच्या ऐवजी भुसा पडतो. मग जोर वाढतो, जोर वाढला की ताबा जातो, आणि बोटं कापून घेतली जातात ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

माझ्याकडे हा प्रकार सलग तीन हंगाम चालला. दर वेळी दोष पोलादाच्या माथी मारला. पहिला चाकू कार्बन स्टीलचा होता म्हणून दुसरा स्टेनलेस घेतला. तोही तसाच वागला म्हणून आणखी कडक पोलादाचा तिसरा घेतला. तिसऱ्याच्या वेळी मात्र शंका आली, की तीन निरनिराळ्या पोलादांना एकच दुखणं कसं? तिघांत सामाईक होता तो मी आणि माझी धार लावायची पद्धत.

आधी धारेकडे नीट बघा

बोथट झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे कळल्याशिवाय दगड हातात घेऊ नका. धार झिजते, एका अंगाला वळते, तिला दाते पडतात किंवा ती गंजाने खाल्ली जाते. चारही वेळा हाताला जाणवतं एकच: कापत नाही. उपाय मात्र वेगळे.

रात्री एकच दिवा चालू ठेवा. पाठ खाली, धार वर अशा रीतीने चाकू दिव्याखाली धरा आणि हळूहळू इकडेतिकडे कलवा. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावरून प्रकाश डोळ्यांत येतच नाही, तिथे काही दिसत नाही. जिथे पांढरी चमक दिसेल तिथे धार नाही. चमक सलग रेघेसारखी असेल तर धार झिजली आहे किंवा वळली आहे. सुटे ठिपके लुकलुकले तर दाते आहेत. वळली की झिजली, हे ओळखायला अंगठ्याचं पेर पाठीकडून धारेच्या दिशेने हलकेच बाहेर सरकवा. धारेच्या लांबीने बोट कधीच फिरवायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो. एका बाजूला पेर अडखळलं आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत लागलं, तर धार अडखळणाऱ्या बाजूला झुकली आहे. डोळ्यांना न दिसणारे दाते शोधायला कापसाचा बोळा धारेवरून फिरवा, तंतू जिथे अडकतील तिथे दाता.

माझ्या तिन्ही चाकूंवर सलग चमकती रेघ होती आणि एका अंगाला स्पष्ट अडखळ. म्हणजे धार झिजलीच नव्हती, लोळली होती. एका दिवसाच्या हलक्या कामाने बऱ्या पोलादाची धार इतकी लोळायला नको.

तार आणि धार

कारखान्यात फिटर ज्याला बर म्हणतो तीच ही गोष्ट. दगडावर एका बाजूने घासत गेलं की धारेचं टोक पातळ होत होत इतकं पातळ होतं की पोलाद कापलं जायच्या ऐवजी पलीकडे वाकतं. तिथे केसाहून बारीक तार उभी राहते. ही तार येणं चांगलं, कारण तुमचा दगड धारेच्या अगदी टोकापर्यंत पोचला याची तीच एक खात्रीची खूण आहे. फसगत होते ती पुढे. तार काढलीच नाही आणि शेवटचा हात म्हणून चामड्याच्या पट्ट्यावर घासताना ती योगायोगाने सरळ उभी राहिली, तर ती खऱ्या धारेहूनही तीक्ष्ण लागते. कागद कापते, केस काढते, आपण खूश. कॅम्पवर वाळक्या लाकडाची पहिली गाठ लागली की तार आडवी. माझ्या चाकूची धार कॅम्पवर जात नव्हती. ती घरूनच निघाली नव्हती.

मऊ स्टेनलेसमध्ये ही तार विशेष चिवट असते, इकडून घासली की तिकडे झुकते, तिकडून घासली की इकडे. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेल्या, साध्या कार्बन पोलादात ती लवकर तुटते. कार्बन स्टीलला धार पटकन लागते असं जे म्हणतात, त्यात या एका गोष्टीचा वाटा मोठा आहे.

तार काढायची माझी रीत आता अशी आहे. साधारण 1000 ग्रिटच्या, म्हणजे मध्यम बारीक दगडावर एक बाजू घासतो, मुठीपासून टोकापर्यंत पलीकडे तार लागेपर्यंत. घासे मोजत नाही. पूर्वी प्रत्येक बाजूला 20 असा हिशोब होता आणि तो हिशोबच मुळावर आला, कारण दगडाला आकडा कळत नाही. मग दुसरी बाजू, तार पलटेपर्यंत. यानंतर एकदा इकडून, एकदा तिकडून असे आलटून पालटून घासे, आणि प्रत्येक जोडीला दाब कमी. शेवटचे चार-सहा घासे चाकूच्या स्वतःच्या वजनावर, धार पुढे ठेवून, म्हणजे दगडावरून पातळ पापुद्रा सोलतोय अशा दिशेने. मग एका मऊ लाकडाच्या कडेवरून धार एकदाच, अजिबात न दाबता ओढून घेतो. उरलीसुरली तार तिथे तुटते. परत दगडावर दोन हलके घासे, आणि शेवटी चामडं.

चामड्यावर नेमकं उलट: पाठ पुढे, धार मागे. इथे मी दुसरी चूक वर्षभर केली. धार अजून चढावी म्हणून पट्टा ताणून, दाबून, पाठ उचलून घासायचो. चामडं दाबलं की ते धारेभोवती वर येतं आणि टोक गोल करून टाकतं. लाकडाच्या फळीवर चिकटवलेलं चामडं, त्यावर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचा (ही पॉलिशची पूड) पातळ लेप आणि प्रत्येक बाजूला आठ-दहा हलके हात, एवढं पुरतं.

तार खरोखर गेली का, हे तपासायला कागद उपयोगाचा नाही, कारण तारही कागद कापते. वाळक्या, कठीण लाकडाची एक कांडी घ्या आणि तिच्यावर दहा-बारा खाचा पाडा. मग परत दिव्याखाली बघा. चमक आली नाही तर निघायला हरकत नाही. ही चाचणी घरी करायची. कॅम्पवर ती आपोआप होतेच, आणि तिथे नापास होणं महागात पडतं.

स्कँडी पात्याची वेगळी गोम

बुशक्राफ्टचे, म्हणजे रानातल्या लाकूडकामाचे, बरेच चाकू स्कँडी ग्राइंडचे असतात. पात्याच्या खालच्या भागात दोन्ही अंगांना एकेक रुंद सपाट उतार, प्रत्येकी साधारण 12 अंशांचा. यांना धार लावणं सोपं, उतार दगडावर सपाट टेकवा आणि घासा, असं सगळे सांगतात. सांगणं खरं आहे, पण अर्धं. अनेक चाकू कारखान्यातून येतानाच त्या उताराच्या अगदी टोकाला आणखी एक बारीक, जास्त उभा उतार घेऊन येतात. त्याला मायक्रोबेव्हल म्हणतात. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. तुम्ही मोठा उतार सपाट टेकवून तासभर घासलं तरी दगड त्या बारीक टोकाला लागतच नाही. उतार आरशासारखा चमकतो, धार आहे तशी.

हे पकडायला काळं मार्कर पेन. पूर्ण उतार धारेपर्यंत रंगवा, दगडावर दोन-तीन घासे मारा आणि बघा. काळं कुठे उरलं? धारेलगत काळी रेघ उरली तर दगड टोकापर्यंत पोचत नाही. मग दोनच मार्ग: मोठा उतार इतका घासायचा की मायक्रोबेव्हल संपूर्ण निघून जाईल, किंवा तो राहू द्यायचा आणि चाकू किंचित उचलून त्याच कोनात धार लावायची. पहिल्यात लाकूड तासायला अप्रतिम धार मिळते, पण ती नाजूक. मी दुसरा मार्ग धरतो. प्रत्येक बाजूला 18 ते 20 अंशांवर तीन-चार हलके घासे. तासताना थोडं जड जातं, पण गाठी सोसतात.

रंगाची तीच चाचणी पात्याच्या दोन्ही टोकांना जरूर करा. मुठीजवळचा बोटभर भाग आणि पुढचा वळता भाग, इथे हात चुकतो. वळणावर मूठ थोडी उचलत न्यावी लागते, नाहीतर दगड पोटावरच फिरत राहतो. आणि तासकामात सगळ्यात जास्त जोर पडतो तो मुठीजवळच्या भागावर. तो राहून गेला असेल तर बाकी चाकू कितीही तीक्ष्ण असला तरी तुम्हाला तो बोथटच वाटणार.

धार खरी होती, तरीही गेली

वरचं सगळं नीट करूनही धार टिकत नसेल तर मग सवयींकडे बघायचं. सर्वांत मोठा शत्रू माती. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर 7 भरतो आणि कडक केलेलं पोलादही त्याच्या खालीच राहतं. जमिनीवर पडलेल्या फांदीच्या सालीत रेतीचे कण रुतलेले असतात. अशी साल सोलायला लागलात की तुम्ही धार दगडावर घासताय, फक्त चुकीच्या दिशेने. फांदी झटका, पुसा, शक्य असेल तर उभी वाळलेली निवडा. साल चाकूच्या धारेने खरवडण्याऐवजी पाठीने खरवडा. बांबू आणि साग यांच्या अंगातच सिलिका असते, त्यामुळे ती कितीही स्वच्छ असली तरी धार लवकर खातात. तिथे चाकूला बोल लावण्यात अर्थ नाही, मधेच एकदा चामड्यावर हात फिरवावा.

खड्डा खणणं, राख उकरणं, चाकू जमिनीत खुपसून ठेवणं, हे सगळं त्याच हिशोबात. चाकू जमिनीत रोवलेला फोटोत छान दिसतो. पण चाकू ठेवायला म्यान असतं.

फेरो रॉड, म्हणजे ठिणग्या पाडायची धातूची कांडी, धारेने घासणारे अजूनही भेटतात. ठिणग्या पडतात हे खरं, पण धार काटकोनात धातूवर घासली जाते आणि त्या जागी ती उडते. त्यासाठी पाठीची कड काटकोनी आणि तीक्ष्ण हवी. तुमच्या चाकूची पाठ गोल असेल तर खरखरीत दगडावर पाठीचा दोन इंच भाग सपाट करून घ्या, एकदाच करायचं काम आहे.

दाते पडत असतील तर ठोकण्याकडे बघा

चाकू लाकडावर ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकत लाकूड फाडणं, ज्याला बॅटनिंग म्हणतात, ते काही पाप नाही. पण दाते पडतात ते बहुतेक इथेच. माझ्या दुसऱ्या चाकूला पडलेले दोन दाते मी आधी पोलादाच्या ठिसूळपणावर ढकलले होते. नंतर आठवलं, लाकडाखाली दगड होता. फाड पूर्ण झाली, चाकू एकदम सुटला आणि खाली आपटला. तेव्हापासून खाली नेहमी ओंडका किंवा जाड फळी.

लाकडाची जाडी पात्याच्या लांबीहून कमी हवी, म्हणजे ठोकायला टोकाकडचे निदान तीन-चार सेंटिमीटर बाहेर उरतात. गाठ दिसली की तो तुकडा बाजूला ठेवा. चाकू अडकलाच तर मूठ पिरगळून काढू नका. पातं वरून खाली दाब सोसायला बनलेलं असतं, आडव्या पिळाला धार लगेच तुटते. अडकलेल्या चाकूच्या पुढे, फटीत एक लाकडी पाचर ठोका, चाकू मोकळा होतो. खरं सांगायचं तर मी आता चाकूने फक्त फट पाडतो आणि पुढचं काम पाचरीवर सोपवतो. दोन पाचरी तासायला पाच मिनिटं लागतात आणि मनगटाएवढं लाकूड आरामात फाटतं. ज्यांच्या पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही त्यांनी तर हेच करावं, नाहीतर एक दिवस हातात नुसती मूठ राहील.

दाता पडला तर तो एका बैठकीत काढायचा अट्टहास नको. अर्ध्या मिलिमीटरचा दाता काढायला सबंध धार अर्धा मिलिमीटर मागे न्यावी लागते, आणि स्कँडीच्या रुंद उतारावर ते फार पोलाद होतं. 400 ग्रिटच्या आसपासच्या खरखरीत दगडावर थोडा काढा, उरलेला पुढच्या चार-पाच वेळांत आपसूक निघेल. तोवर खुंट्या तासायला तो आड येत नाही.

घाईत असलेले लोक इथे विजेच्या ग्राइंडरकडे वळतात. तेवढं टाळा. कार्बन पोलादाला कडक केल्यावर साधारण 180 ते 230 अंश सेल्सिअसवर परत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. त्याहून जास्त तापलं की कडकपणा उतरतो आणि थंड झाल्यावर परत येत नाही. धार इतकी पातळ असते की ग्राइंडरवर ती काही सेकंदांत निळी पडते. निळं म्हणजे सुमारे 300 अंश, आणि तिथलं पाणी गेलं. विस्तवातलं भांडं पात्याने उचलणं, निखारे टोकाने ढकलणं यानेही तेच होतं, फक्त रंग काजळीखाली लपतो. उकळत्या पाण्याने मात्र काही बिघडत नाही, तिथे भीती फक्त गंजाची.

यातलीच एक बाब नव्या चाकूंची. कारखान्यात शेवटची धार यंत्रावर लागते, आणि तेव्हा टोकाचा अगदी पातळ थर तापून मऊ झालेला असू शकतो. असा चाकू पहिले दोन-तीन वेळा धार धरत नाही. दगडावर तेवढा थर गेला की सुधारतो. म्हणून नव्या चाकूबद्दल मत पहिल्या कॅम्पला बनवू नका.

म्यानात ठेवलेला चाकू बोथट निघतो तेव्हा

हा प्रकार क्वचित, पण चक्रावून टाकणारा. घरी नीट धार लावली, वापरला नाही, महिन्याने काढला तर बोथट. कारण गंज. धारेचं टोक इतकं बारीक असतं की गंजाचा डाग डोळ्यांना दिसायच्या आत ते खाल्लं गेलेलं असतं. चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं, आणि चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात भर घालतात. घरी चाकू म्यानाबाहेर, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. प्लास्टिकच्या म्यानात ओल कमी राहते, पण आत शिरलेली वाळू बाहेर पडत नाही आणि चाकू आत-बाहेर होताना ती प्रत्येक वेळी थोडं थोडं घासते. म्यान उलटं करून झटका, धुवा, पूर्ण वाळू द्या. धार म्यानाच्या आतल्या भिंतीला घासत जाते का, तेही बघा. तसं असेल तर पाठ टेकवून चाकू आत सरकवायची सवय लावून घ्या.

कॅम्पवर मी आता एक छोटा दुहेरी दगड आणि काडेपेटीएवढ्या फळीवर चिकटवलेलं चामडं नेतो. दिवस संपताना चामड्यावर दहा हात. दगड तीन दिवसांच्या मुक्कामात बहुतेक वेळा पिशवीतच राहतो.

मग पोलाद कधीच दोषी नसतं का? असतं. तार नीट काढली, रंगाची चाचणी पास झाली, मायक्रोबेव्हल दिला, स्वच्छ मऊ लाकूड तासलं आणि तरीही दिव्याखाली सलग रेघ चमकली, तर पाणी कमी दिलेलं असण्याची शक्यता आहे. एक चांगली नवी कानस घ्या. मुठीजवळ जिथे धार सुरू होते तिथल्या कडेवर ती हलकेच ओढा. पाठीवर नको, काही चाकूंची पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते. मग तीच कानस एखाद्या साध्या खिळ्यावर ओढून फरक बघा. कडक पात्यावर ती काचेवरून सरकल्यासारखी निसटते, फार तर किंचित खरवडते. खिळ्यासारखीच चावली आणि कीस निघाला, तर तो चाकू परत करा, त्याच्यावर दगड झिजवू नका.